आधी न बोलणाऱ्या मावशी

"घेतील ना बाप्पा, हिलाच घेतील ते कोर्टवाले. अशीच पोर पाहिजे असते त्यांना."

वरच्या स्वयंपाकघरातून हे वाक्य गरम हवेच्या जाळीतून खाली आलं, तेव्हा मी बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनमधून ओली चादर ओढून काढत होते. इथल्या जुन्या घरांत घर तापवणाऱ्या भट्टीची हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत जाते आणि हवेबरोबर माणसांचं बोलणंही जातं. वर माझ्या घरमालकीण, खानझोडेमावशी, नागपूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी चादर हातात धरून तशीच उभी राहिले. पलीकडून बहीण काहीतरी म्हणाली असावी, कारण मावशी थोडं थांबून म्हणाल्या, "नाही ना गं. चांगली आहे म्हणून तर भीती वाटून राहिली. आगाऊ असती तर सुटली असती."

मला कोण घेणार होतं ते मला माहीत होतं. त्याच दिवशी माझ्या नावाचं कोर्टाचं समन्स आलं होतं. घराला पत्रपेटी एकच, त्यामुळे पाकीट आधी मावशींच्या हातात पडलं. मी ते त्यांच्यासमोरच उघडलं. ज्युरीच्या, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांच्या, निवडीसाठी अमुक दिवशी हजर राहावं, असा मजकूर होता. कुठल्या खटल्यासाठी ते लिहिलेलं नव्हतं, पण त्या महिन्यात आमच्या कोर्टात एक खुनाचा खटला उभा राहणार हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. मी वाचून दाखवलं आणि मावशी तव्यावरची पोळी तशीच सोडून खुर्चीत बसल्या. धूर झाला, छतावरचा अलार्म कर्कश ओरडायला लागला, मी टॉवेलनं वारा घालत राहिले. मावशी उठल्या नाहीत. अलार्म थांबल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुला बोलता येते का गं चारचौघांत?"

"नाही," मी म्हणाले.

"मग संपलंच."

आमचं लंडन म्हणजे कॅनडातल्या ऑन्टारिओतलं लंडन. नदीचं नावही थेम्सच आहे, पण बाकी सगळं हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटी. माझे आईबाबा कॅल्गरीला असतात. मी चौदा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून तिकडे आलो, आणि शिक्षण झाल्यावर इथल्या एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली म्हणून मी एकटी लंडनला आले. खोली शोधत होते तेव्हा कुणीतरी सांगितलं, एक मराठी बाई आहेत, एकट्या असतात, बेसमेंट देतात, पण जरा विचित्र आहेत.

विचित्र म्हणजे काय ते पहिल्याच भेटीत कळलं. मी बेल वाजवली. दार उघडलं. जांभळा स्वेटर आणि सलवार घातलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा बांधलेल्या एक उंच बाई समोर उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. मला अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य बोलणं जमत नाही, शाळेपासून जमत नाही, त्यामुळे समोरच्यानं सुरुवात करावी म्हणून मी थांबते. त्या दिवशी समोरचंही माणूस थांबलेलं. बाहेर बर्फ पडत होता आणि दारातून सगळी ऊब रस्त्यावर चालली होती. शेवटी शेजारच्या घरातला माणूस फावड्यानं बर्फ बाजूला करता करता थांबून ओरडला, "तुम्ही दोघी ठीक आहात ना?" तेव्हा मी म्हणाले, "मी खोलीसाठी आलेय." लगेच त्यांचा चेहरा मोकळा झाला. "ये ना मग! केव्हाची उभी करून राहिली मला दारात!"

मावशी आधी बोलत नसत. हे त्यांच्याबद्दलचं सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात खरं वाक्य. एकदा समोरच्यानं बोलायला सुरुवात केली की त्या थांबत नसत. नागपूरच्या धरमपेठेतल्या मैत्रिणींपासून गुडघ्याच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. पण नमस्कार, हॅलो, गुड मॉर्निंग, कसे आहात, यातलं काहीही त्यांच्या तोंडून आधी निघत नसे. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला सगळे हाय म्हणतात. मावशी पास दाखवून पुढे जायच्या. मराठी मंडळात लोक म्हणायचे, खानझोडेबाईंना गर्व आहे. त्यांच्या कानावर ते आलेलं होतं. "असू दे," त्या म्हणायच्या. "गर्व स्वस्त पडते."

दुसरी गोष्ट म्हणजे गळा. उणे वीस असो की पंचवीस, मावशी मफलर गुंडाळत नसत. कोटाची वरची दोन बटणं उघडी. मी एकदा कॅल्गरीहून आईनं विणलेला लोकरीचा मफलर त्यांना आणून दिला, तर त्यांनी तो छान म्हणून हातात धरला, घडी घातली आणि टीव्हीवर पसरला. गळ्याभोवती काही असलं की जीव घाबरतो म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही. मला स्वतःला कुणी पुढचं विचारलेलं आवडत नाही, म्हणून मीही विचारत नाही. आमचं जमलं ते बहुतेक यामुळेच.

आणि तिसरी गोष्ट, ठरवणं. मावशी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या पेशी मोजल्या. "मोजायचं माझं काम, ठरवायचं डॉक्टरचं," हे त्यांचं पालुपद. ते त्या सगळीकडे लावायच्या. ग्रोसरीत दोन वांग्यांतलं कुठलं घेऊ विचारलं तरी हेच.

मंडळाच्या गणपतीत एकदा मोदकांची स्पर्धा ठेवली. वयानं सगळ्यांत मोठ्या म्हणून परीक्षक मावशी. त्या नाही नाही म्हणत होत्या, पण मंडळाच्या अध्यक्षीणबाई ऐकेनात. मावशी खुर्चीत बसल्या. समोर बशा मांडल्या. त्यांनी प्रत्येक मोदक पूर्ण खाल्ला, अर्धा नाही, पूर्ण. सगळा हॉल बघत होता. शेवटचा खाऊन झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि जाहीर केलं, "सगळ्यांचा पहिला नंबर."

"असं कसं मावशी? एक तरी काढा ना!"

"काहून? कोणाचा वाईट होता?"

"एकाचा तर फुटला होता," कुणीतरी कुजबुजलं.

"फुटू दे. मोदकच आहे. फासावर द्याचा आहे का त्याला?"

लोक हसले. मीही हसले. मावशी हसल्या नाहीत. घरी येताना गाडीत पोट धरून बसल्या होत्या आणि रात्रभर ओवा चघळत होत्या, पण नंबर काढला नाही तो नाहीच.

रॅकूनचं तर मला आठवलं की अजून अंगावर काटा येतो. माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या माळ्यावर रॅकून, म्हणजे इथला मांजरापेक्षा मोठा एक रानटी प्राणी, शिरला. संध्याकाळ झाली की छताच्या आत जड पावलं वाजायची. प्राणी नाही, माणूस चालतोय असं वाटायचं. मी बेसमेंटमध्ये असूनही मला ती जाळीतून ऐकू यायची. शेवटी मी असे प्राणी पकडणारा माणूस बोलावला. तो शिडी लावून वर डोकावला आणि खाली येऊन म्हणाला, मादी आहे, पिल्लं आहेत. आता हाकलली तर पिल्लं कदाचित जगणार नाहीत. थांबलात तर छताचं नुकसान होईल. काय करायचं? त्यानं मावशींकडे बघितलं. मावशींनी माझ्याकडे. मी जमिनीकडे. तो बिचारा आळीपाळीनं आम्हा दोघींकडे बघत उभा.

"तू सांग," मावशी त्याला म्हणाल्या.

"घर तुमचं आहे, मॅडम."

"पण तुला कळते ना त्यातलं."

"मला फक्त हो किंवा नाही पाहिजे."

मावशींनी पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली. हे मी पाहिलं. एका रॅकूनसाठी ऐंशी वर्षांच्या बाईनं इतकं घाबरावं, हे मला तेव्हा समजलं नाही. त्यांनी त्याला त्याच्या येण्याचे पैसे दिले आणि परत पाठवलं. रॅकून पिल्लांसकट पूर्ण उन्हाळा वर राहिला. छत गळायला लागलं. मावशींनी बादली ठेवली.

अशी ही बाई. आणि मला समन्स आल्यावर तिनं मला सोडवायचा विडा उचलला.

पहिले काही दिवस त्या नुसत्या युक्त्या सुचवत होत्या. "इंग्रजी येत नाही सांग."

"मावशी, मी इंग्लिश मीडियमची आहे. इथे युनिव्हर्सिटीत शिकले."

"हो ना, कॉन्व्हेंटची पोर. तेही गेलं." मग म्हणाल्या, "पोलीस ओळखीचा आहे सांग."

"एकही नाही."

"मग माझं सांग. म्हातारी आहे घरात, पडते, झडते, तिला एकटीला सोडता येत नाही. जज मानते ते. मी डॉक्टरची चिठ्ठी आणते, गुडघे खरेच गेलेले आहेत माझे."

हे मला पटलं. खरं म्हणजे मला काहीही पटलं असतं. मी तेव्हा नीट झोपत नव्हते. मला भीती एकाच गोष्टीची नव्हती. परक्या लोकांसमोर उभं राहून बोलायची भीती होतीच. त्याहून जास्त, ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे तो माणूस माझा चेहरा बघेल, ही होती. आणि सगळ्यांत खाली, जिच्याकडे मी बघत नव्हते ती: आपण बाराजण एका खोलीत बसून काहीतरी म्हणू, आणि त्या म्हणण्यानं एका माणसाचं आयुष्य संपेल. इथे आता फाशी नाही. पण पहिल्या दर्जाच्या खुनाला जन्मठेप आहे आणि पंचवीस वर्षं पॅरोल नाही. माझं तेव्हाचं सगळं वय जवळपास तेवढंच होतं.

कोर्टाच्या तारखेच्या आधीच्या रविवारी दुपारी मावशींनी मला वर बोलावलं. टेबलावर मटारच्या शेंगांचा ढीग होता. "बस नको. उभी राहा," त्या म्हणाल्या. "तिकडे, फ्रिजपाशी. मी शिकवते तुला कसं उभं राहायचं ते. चिठ्ठी नाही चालली तर चेहऱ्यानं सुटायचं."

मी उभी राहिले. मावशी टेबलाला हात टेकून उठल्या, पाठ सरळ केली, आणि त्यांच्या तोंडून एकदम एक वेगळाच आवाज आला. खणखणीत, सपाट, जुन्या वळणाचं इंग्रजी. "ज्युरर, लुक अपॉन द प्रिझनर. प्रिझनर, लुक अपॉन द ज्युरर." मग आपल्या आवाजात, "पाहा माझ्याकडे. मी आरोपी."

मी पाहिलं. मला हसू आलं. घाबरले की मला येतं.

"गेलीस! हसलीस तर त्याच्या वकिलाला वाटते, ही आपली आहे. पुन्हा."

मी खाली पाहिलं.

"खाली पाहिलं तरी घेतात. वाटते गरीब आहे, ऐकेल. वर पाहा. माझ्याकडे पाहा पण पाहू नको. भिंतीकडे पाहतेस तसं. पुन्हा." आणि पुन्हा तो आवाज. "ज्युरर, लुक अपॉन द प्रिझनर."

तिसऱ्या वेळी मला हसू आलं नाही, कारण मावशींचा चेहरा बदलला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या पण मी तिथे नव्हते. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला हे शब्द कसे माहीत?"

मी त्यांना विचारलेला तो पहिला खासगी प्रश्न. त्या खाली बसल्या. शेंगांचा ढीग पुढे ओढला आणि सोलायला लागल्या.

"मी होती ना ज्युरीत," त्या म्हणाल्या.

त्यांनी जे सांगितलं त्यातलं मी इथे लिहिते ते सगळं उघड्या कोर्टात घडलेलं आहे. ज्युरीच्या खोलीत काय बोललं जातं ते बाहेर सांगणं इथे गुन्हा आहे, जन्मभर. मावशींनी तो नियम पाळला, नवऱ्याशीसुद्धा. "आतलं सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "दाराबाहेरचं सांगते."

त्या कॅनडात आल्या त्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. नवरा इंजिनिअर. दोघं नुकतेच इथले नागरिक झालेले. कायद्यात त्या वेळी फाशी अजून होती; पोलिसाचा किंवा तुरुंगातल्या रखवालदाराचा खून केला तरच, पण होती. आणि त्यांना बोलावणं आलं ते एका पोलिसाच्या खुनाच्या खटल्यासाठी.

"हे म्हणाले, काळजी करू नको, साडी नेसून जा. साडीवाल्या बाईला कोण घेते ज्युरीत? जेवायला घरी येशील. मी साडी नेसली, खाली स्नोबूट. तांदूळ धुऊन ठेवले. खरंच वाटलं मला, दुपारी येऊन भात टाकीन."

कोर्टात लोक खच्चून भरलेले. एकेकाचं नाव आणि काम मोठ्यानं पुकारायचे. माणूस पुढे जायचा. कारकून ते शब्द म्हणायचा: ज्युररनं कैद्याकडे बघावं, कैद्यानं ज्युररकडे बघावं. मग दोन्ही वकील सांगायचे, हवा की नको. कितीतरी जणांना परत पाठवलं. एका बाईनं कैद्याकडे असं पाहिलं की तिला लगेच जा म्हणाले. एक पुरुष रडायलाच लागला.

"मग माझं नाव. काय वाट लावली होती त्यानं नावाची! मी पुढे गेली. त्यानं म्हटलं, लुक अपॉन द प्रिझनर. मी पाहिलं." मावशींचा अंगठा शेंगेच्या शिवणीवर थांबला. "लहान होता गं. तुझ्याएवढा. कोणाचा तरी कोट घातलेला, बाह्या इथपर्यंत. दाढी करताना हनुवटी कापली होती, तिथे कागदाचा तुकडा चिकटलेला. त्यानं पाहिलं माझ्याकडे. आता, आपल्याला घरी काय शिकवलं? कोणाशी नजर मिळाली की बोलायचं. आणि इथे आल्यावर लॅबच्या मोठ्या बाईनं काय शिकवलं? सकाळी जो दिसेल त्याला गुड मॉर्निंग म्हणायचं, नाहीतर लोक म्हणतात तुम्ही लोक कोरडे. मी रोज म्हणत होती. जिन्यावर, लिफ्टमध्ये, झाडूवाल्याला, सगळ्यांना. सवय लागली होती जिभेला."

मी समोर बसून एक शेंग उचलली.

"मी म्हटलं त्याला, गुड मॉर्निंग."

बाहेर कुणाची तरी गाडी बर्फात चाकं फिरवत होती. मावशी ऐकत बसल्या, जणू ती निघून गेल्याशिवाय पुढे बोलता येणार नाही.

"कोर्टात कोणी हसलं नाही. एकदम शांत. आणि तो म्हणाला, मॉर्निंग, मॅम. त्याच्या वकिलानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाला, कन्टेन्ट. म्हणजे चालेल. सरकारी वकीलही म्हणाला चालेल, त्याला काय, बाई स्वच्छ, नोकरी करते. झालं. बसली मी."

"मग?"

"मग आतलं." त्यांनी दाणे भांड्यात टाकले. "बाहेरचं एवढंच, की त्यानं केलं होतं. त्यात मला तेव्हा शंका नव्हती, आताही नाही. निकाल सांगून झाल्यावर एकेकाला उभं करून विचारतात, हाच तुझा निकाल का. माझी पाळी आली. मी उभी राहिली. तो प्रत्येकाकडे पाहून राहिला होता. माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यानं मान हलवली. अशी." मावशींनी मान किंचित झुकवली, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसल्यावर आपण झुकवतो तशी. "आणि मी म्हटलं, हो, हाच."

जजनं शिक्षा वाचली. गळ्याला दोर लावून, वगैरे, सगळे शब्द. मावशींनी ते मला म्हणून दाखवले नाहीत. उजवा हात फक्त कोटाचं बटण शोधावं तसा गळ्यापाशी गेला आणि खाली आला.

फाशी झाली नाही. इथे बऱ्याच वर्षांत कुणाला दिलेली नव्हती, आणि पुढे सरकारनं त्याची शिक्षा बदलली, मग कायद्यातूनच फाशी गेली. पण ते कळेपर्यंत महिने गेले. त्या काळात त्यांचे यजमान वर्तमानपत्र ऑफिसात वाचून तिथेच टाकून यायचे. मावशी रेडिओ लावत नसत. लॅबमध्ये कुणी मोठ्यानं हाक मारली तरी हातातली काचपट्टी पडायची.

"पण मावशी, त्यानं केलं होतं ना," मी म्हणाले. "मग तुमचं काय चुकलं?"

"निकाल नाही चुकला." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पण विचार कर. त्या पूर्ण खोलीत त्याच्याशी माणसासारखं बोललेली मी एकटी. रोज तिथे बसून त्याला वाटलं असेल, ती साडीवाली आपली आहे. तेवढ्यावर त्यानं दिवस काढले असतील. मी तर सवयीनं बोलली होती गं. मनात काही नव्हतं. आणि तो शेवटपर्यंत मान हलवून राहिला." मग रिकामी टरफलं गोळा करत म्हणाल्या, "तेव्हापासून मी आधी नाही बोलत कोणाशी. समोरचा बोलला की त्याचं तो पाहील."

त्यानंतर तालीम झाली नाही. आम्ही मटारभात केला. दोघींनीही फारसा खाल्ला नाही.

मावशी पुढच्या वसंतात गेल्या. गुडघे नाही, हृदय. नागपूरची बहीण येऊ शकली नाही. मंडळातल्या बायकांनी सगळं केलं, आणि ज्या त्यांना गर्विष्ठ म्हणायच्या त्याच जास्त रडल्या. हॉस्पिटलमध्ये मी रोज जात होते. पण त्यांची शेवटची आठवण म्हणून माझ्या डोळ्यांसमोर येतं ते हॉस्पिटल नाही. ते कोर्ट आहे.

त्या सकाळी त्या माझ्याबरोबर बसनं आल्या. मी नको म्हणत होते, फुटपाथवर डोळ्यांना न दिसणारा निसरडा बर्फ होता. त्यांनी ऐकलं नाही. कोर्टाच्या समोरच्या कॉफीच्या दुकानात बसते म्हणाल्या, इमारतीत पाय ठेवणार नाही. डॉक्टरची चिठ्ठी त्यांनी माझ्या बॅगेत स्वतः घातली. "सांग, म्हातारी आहे घरात. रडली तरी चालेल." मी रस्ता ओलांडून मागे पाहिलं तर त्या काचेमागे कोट घालूनच बसल्या होत्या.

आत आम्हाला बराच वेळ बाकांवर बसवलं. आता नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात, एवढंच बरं. खटला तोच होता. आरोपी काचेच्या चौकटीत बसलेला. चाळिशीचा, जाड, चष्मा लावलेला, हिशेब तपासणाऱ्या माणसासारखा. मी त्याच्याकडे न बघण्यात सगळी ताकद घालवत होते. लोक पुढे जात होते, कारणं सांगत होते. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं तान्हं मूल. जजबाई ऐकून घेत होत्या, काहींना सोडत होत्या. चिठ्ठी माझ्या हातात घामानं ओली झाली होती.

माझा नंबर आला. मी कशी चालत गेले ते आठवत नाही. पुढे गेल्यावर कारकुनानं मला वळायला सांगितलं, आणि मग तो म्हणाला, जुनी माणसं अजून म्हणतात तसं, "ज्युरर, लुक अपॉन द अक्यूज्ड."

मी वर पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. चष्म्यामागचे डोळे लाल होते, आणि त्यांत मला ओळखीचं काहीतरी दिसलं. तोही घाबरला होता. आणि त्याच्या खांद्यावरून, थेट मागे, लोकांच्या शेवटच्या बाकावर मला जांभळा रंग दिसला. मावशी. कोटाची वरची दोन बटणं उघडी. कधी आत आल्या होत्या कोण जाणे. ते शब्द कारकुनाच्या तोंडून बाहेर पडले आणि मावशी पुढच्या बाकाला धरून हळूहळू उभ्या राहिल्या. नाव पुकारलं गेल्यासारख्या. कुणीच त्यांच्याकडे बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. पाठ ताठ, हात बाजूला, डोळे सरळ समोर, त्या चष्मेवाल्याच्या डोक्याच्या मागच्या भागावर. मी बघत असेपर्यंत त्या बसल्या नाहीत.

"या ज्युरीत बसायला तुमची काही अडचण आहे का?" जजबाईंनी मला विचारलं. आवाज मऊ होता. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मला घरी जाऊ दिलं असतं, असं मला वाटलं.

मी चिठ्ठीची घडी घातली. पहिलं वाक्य माझं मलाच ऐकू आलं नाही. जजबाईंनी जरा मोठ्यानं बोलायला सांगितलं.

"मला भीती वाटते आहे," मी म्हणाले. "हे मी कारण म्हणून सांगत नाही. मी बसेन. पण आरोपी माझ्याकडे बघताहेत, तर मला भीती वाटते आहे हे त्यांना माहीत असावं."